बसवून पुन्हा घेणे

विमल सिस्टर,

तुमच्या कार्याला मी आलो होतो. पंगतीत बसलो, पान वाढलं गेलं आणि दोन घास खाऊन उठलो. तुम्ही असतात तर मागून म्हणाला असतात, "सर, अन्नावर कशाला राग काढायलात?" राग अन्नावर नव्हता. तुमचे मालक दिगंबरराव स्वतः माझ्या पानात वाढायला आले, वाकून एक वाक्य बोलले आणि मी हात धुवायला उठलो. ते वाक्य पुढे सांगतो. अवघड पेशंट मी नेहमी रांगेत मागे ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यावरून तुम्ही मला कितीदा टोकलंही आहे.

आपलं पहिलं भांडण आठवतं का? मी या आरोग्य केंद्रात नवा होतो आणि तुम्ही इथल्या भिंतींइतक्या जुन्या. मी बीपीचं रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं एकशेतीस-ऐंशी. मधूनच कुठेतरी एकशेवीस-ऐंशी, तेही चव बदलायला घातल्यासारखं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, अख्ख्या गावाला एकच बीपी कसं काय?" तुम्ही सुईचं झाकण लावत शांतपणे म्हणालात, "शंभर माणसं, एक मशीन, एक मी. आता तुमीच सांगा सर, कावून सारखं येतंय ते." ओळीतली माणसं हसली. मला राग आला, कारण उत्तर बरोबर होतं.

मग मी तुम्हाला शास्त्र सांगितलं. माणूस उन्हातून चालत आला, उभ्या उभ्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. मग मोजायचं, आणि एकदा नाही, दोनदा. हे काही माझ्या मनाचं नव्हतं. जगभरच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं, वरून आलेल्या तक्त्यावर छापलेलं होतं. तो तक्ता आपल्याकडे औषधाच्या कपाटामागे लावलेला होता, म्हणजे पालींना वाचता यावा असा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "खुर्ची हाय का?"

नव्हती. रोग्यांसाठी बिनपाठीचा बाक होता. वरती मागणी करू म्हणून मी अर्ज लिहायला घेतला. तुम्ही दुसऱ्या दिवशी केजहून येणाऱ्या काळीपिवळीच्या टपावर बांधून घरची हाताची खुर्ची घेऊन आलात. दिगंबरराव एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्यासाठी घेतलेली. "मालक काय म्हणाले?" असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "जन्मभर स्टेरिंगवर बसून होते, आता बसू द्या जरा खाली." माझा अर्ज अजून कुठल्या तरी फाइलमध्ये असेल.

खुर्ची आली तरी गप्प बसणं काही आलं नाही. आपल्याकडे माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर शेजारच्याला काळजी वाटते. खुर्चीत कुणी टेकलं की बाकावरून सुरू, "कुणाचे तुमी? घाटनांदूरचे का? मंग आमच्या मेव्हण्याचे कोण लागता?" मी पाटी लावली, 'येथे बोलू नये.' लोक ती पाटी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवू लागले.

श्रावणात तुम्ही कपिलधारला दर्शनाला गेलात आणि येताना एकशेआठ मण्यांची माळ घेऊन आलात. खुर्चीशेजारी खिळा ठोकून तिथं टांगलीत. "एक माळ व्हईस्तोवर बोलायचं न्हाई. नाव कोणतं बी घ्या." बस्स, एवढाच तुमचा आदेश. आणि सिस्टर, सरकारी पाटीला न जुमानणारी माणसं त्या माळेपुढे गप्प झाली. माळ ओढणाऱ्याला बाकावरचेही छेडेनात. मी चोरून घड्याळ लावून बघितलं. सावकाश ओढली की पाच मिनिटं आणि वर थोडं. रशीदचाचांनी, आपल्या नाक्यावरच्या टायरवाल्या चाचांनी, खिशातून आपली तसबीह काढली आणि म्हणाले, "हमारे में निन्यानवे है सिस्टर. नऊ मणी माफ करा." तुम्ही म्हणालात, "चाचा, नऊ मणी दम खा नुसता." पुढे वर्षानुवर्षं चाचा नव्याण्णव मणी ओढून, नऊ श्वास मोजून मगच हात पुढे करत.

रजिस्टरमधले आकडे बदलले. एकशेबेचाळीस-अठ्ठ्याऐंशी, एकशेअठरा-शहात्तर, असे माणसागणिक वेगळे, खरे आकडे. सोजरबाईंचं तर तुम्हीच पकडलंत. वर्षभर गोळी खाऊन चक्कर येऊन पडायच्या. बसवून तीनदा वेगवेगळ्या दिवशी घेतलं तर बीपी नव्हतंच. मी हळूहळू गोळी बंद केली, त्यांची चक्कर थांबली. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा जितका अभिमान वाटला तितका पदवी घेतानाही वाटला नव्हता. तुमचा वाटायला हवा होता, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि सोजरबाईंनी बाजारात सांगितलं, सिस्टरच्या माळेनं माझी गोळी सुटली.

तिथून आपलं मोठं भांडण. लोक नुसती माळ ओढायला यायला लागले. एकाने घरी गोळ्या बंद करून माळ धरली. मी तणतणत माळ खिळ्यावरून काढली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. "हा दवाखाना आहे सिस्टर, देऊळ नाही," मी म्हणालो. आवाज चढलेला होता, बाहेर ऐकू गेला असणार. तुम्ही म्हणालात, "सर, लोकांनी कारण चुकीचं धरलं, पर बसले तर बरोबर ना?" मी म्हणालो, "चुकीच्या कारणाने बरोबर वागणारा माणूस पुढे चुकतोच." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते नंतर दोनचार ठिकाणी वापरलंही.

आठ दिवस मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून बघितला. माणसं मोबाइलकडे टक लावून बसायची, गजर वाजला की दचकायची आणि आकडे वर जायचे. नवव्या दिवशी तुम्ही टाचण्या हव्यात म्हणून माझ्याकडून खणाची किल्ली मागितली. टाचण्या तुमच्या खिशात होत्या, मला दिसत होत्या. मी किल्ली दिली आणि खिडकीबाहेर बघत बसलो. संध्याकाळी माळ खिळ्यावर होती. घरी गोळ्या सोडणाऱ्या त्या गृहस्थाकडे तुम्ही पायी जाऊन आलात, समजावून गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, तेही मला दुसऱ्यांकडून कळलं. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. पुढे चहा पिताना तुम्ही एकदाच विचारलंत, "माळ नुसतं घड्याळ हाय म्हणता, मंग घड्याळानं कावून न्हाई झालं?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. तेही राहिलं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत होती की नाही, मला अजून कळत नाही. जिल्ह्याच्या बैठकीत मी आपल्या कामाचं सादरीकरण केलं. खुर्चीचा फोटो दाखवला. फोटोत खिळ्यावरची माळ येत होती, ती मी कापली. साहेब लोक काय म्हणतील म्हणून. सगळ्यात शेवटी 'सहकार्य : परिचारिका वर्ग' असं लिहिलं. तुमचं त्या दिवशी वस्तीवर लसीकरण होतं. मी शाल-श्रीफळ घेऊन परत आलो आणि तुम्ही सगळ्यांना पेढे वाटलेत. स्वतःच्या पैशाने आणलेले. मला त्यातला एक खाताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. गोड लागला.

आता रजिस्टरचं सांगतो. तुमची ती सवय. एखाद्या बाळाची लस चुकली, कुणाचं बीपी पुन्हा घ्यायचं राहिलं की त्या नावापुढे तुम्ही लाल शाईनं खूण करायच्यात. रजिस्टर संपलं की नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आधी ती राहिलेली नावं उतरवायची, मग पुढचं काम. एक बाई लग्न होऊन परगावी गेली तरी तिचं नाव तुम्ही तीन रजिस्टरं पुढे नेलं होतंत. मी म्हणालो, सोडा ना आता. तुम्ही म्हणालात, "माहेरी येईल की दिवाळीला." आणि ती आली.

त्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव एकदाच आहे. माझ्या अक्षरात.

लसीकरणाचा दिवस होता. तुम्ही लसीचा डबा खांद्याला लावून वस्तीवरून आलात, डबा ठेवलात आणि कपाळ दाबत म्हणालात, "डोकं लई जड झालंय सर सकाळधरनं. बघता का जरा?" मी औषधाच्या टेबलाशी उभा होतो, तुम्हीही उभ्याच. तिथंच पट्टा बांधला. एकशेबहात्तर, एकशेआठ. मी हसलो. म्हणालो, "सिस्टर, सगळ्या जगाला बसवता आणि स्वतः उभ्या." तुम्हीही हसलात. "पळत आले ना, म्हणून वाढलं आसंल." खुर्चीत तेव्हा कुणीतरी माळ ओढत बसलं होतं. मापलं तर लिहायचं, हा तुमचाच दंडक, म्हणून मी लिहिलं. नाव, आकडा आणि पुढे शेरा : बसवून पुन्हा घेणे.

उभ्याने घेतलेला आकडा जास्त येतो, हे मला इतकं पक्कं माहीत होतं, की तुमचा जास्त आला तेव्हा तो खोटाच असणार असं मी धरून चाललो. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात, जिथं हे शास्त्र कुणी ऐकलेलं नाही, तिथं एकशेबहात्तर बघून डॉक्टर घाबरला असता. तुम्हाला थांबवलं असतं, पुन्हा बघितलं असतं. मी घाबरलो नाही, कारण मी शिकलेला होतो. शास्त्र म्हणतं, बसवा आणि पुन्हा घ्या. त्यातलं अर्धंच मी घेतलं, सोयीचं. आणि सिस्टर, कारण चुकीचं धरणाऱ्या सोजरबाई खुर्चीत बसत होत्या, बरोबर कारण तोंडपाठ असलेला मी तुम्हाला बसवू शकलो नाही.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी ओपीडी संपताना तुम्ही दारात आलात. "सर, मोकळे हायत का?" मी कसला तरी अहवाल भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "उद्या बघू का?" तुम्ही म्हणालात, "चालतंय की." तुम्हाला काय हवं होतं ते मी विचारलं नाही. रजेचा अर्ज असेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. स्वतःचं काम दुसऱ्यांदा सांगायची तुम्हाला सवयच नव्हती. दुसऱ्याचं मात्र दहादा सांगायच्यात.

दीड महिना गेला. तो शेरा त्या पानावर तसाच होता, मी रोज त्याच रजिस्टरवर सही करत होतो. आणि एका सकाळी डब्याची भाकरी थापताना तुम्ही चुलीजवळच कोसळलात. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत मेंदूतला रक्तस्राव फार झाला होता. मी पोचलो तेव्हा तुमच्या हाताला पीठ होतं.

आता ते वाक्य. पंगतीत दिगंबरराव माझ्या पानात वाढताना म्हणाले, "साहेब, मी तिला म्हणत होतो, बीडला जाऊन दाखवू. पर ती म्हणायची, आमच्या सरांनी बघितलंय, काही न्हाई, पळापळीनं वाढलं होतं."

माझं ते हसणं तुम्ही घरी नेलंत, सिस्टर. औषधासारखं जपून ठेवलंत आणि मालकांची काळजी त्यावर उतरवलीत. मला वाटत होतं, तुम्ही माझं काहीच ऐकत नाही. नको ते नेमकं ऐकलंत.

काल दिगंबरराव केंद्रात आले. तुमच्याकडची कपाटाची किल्ली परत करायला. त्यांनी ती रुमालात जपून गुंडाळून आणली होती. दाराशीच उभे राहिले. गर्दी होती. मी म्हणालो, "या, बसा, बीपी बघू." ते म्हणाले, "उद्या येतो की साहेब. आज लई माणसं हायत तुमाला."

मी उठलो. पेन ठेवलं. "उद्या नाही. आत्ता बसा," म्हणालो. आवाज पुन्हा चढला असावा, कारण बाकावरची माणसं वळून बघू लागली.

ते त्यांच्याच खुर्चीत बसले. खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले, ओळख पटल्यासारखे. मी खिळ्यावरची माळ काढून त्यांच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मी कुणाच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक मणी ओढू लागले. माळ संपल्याची खूण असलेला मेरुमणी आला तरी ते थांबले नाहीत, माळ उलटी फिरवून पुन्हा सुरू केली. मी थांबलो. बाहेर रांग थांबली. रशीदचाचा दारात चप्पल हातात घेऊन उभे होते.

एकशेछप्पन्न, अठ्ठ्याण्णव. माझ्या तोंडावर आलंच होतं, दुःख ताजं आहे, जागरणं झालीत, म्हणून असेल. गिळलं. पुन्हा घेतलं. एकशेचोपन्न. उद्या आणि परवा पुन्हा याल, तेव्हाही असंच आलं तर गोळी सुरू करू, असं सांगितलं. मग रजिस्टर उघडून तुमची ओळ त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. उभ्याने घेतलं ते, शेरा लिहिला ते, नंतर घेतलंच नाही ते. 'उद्या बघू' म्हणालो तेही.

त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, बोट ठेवून. मग विचारलं, "जास्त आलंय, हे तिला सांगितलं होतं का तुमी?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "पण हसून सांगितलं."

मला वाटलं होतं, शिव्या देतील किंवा माफ करतील. दोन्हींची माझी तयारी होती. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, उठले, माळ स्वतःच्या हातानं खिळ्याला लावली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?" मी म्हणालो, तुम्ही याल तेव्हा. माझ्याकडे न बघता ते निघून गेले. आज आले होते. बसले, माळ ओढली, हात पुढे केला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, घड्याळानं का झालं नाही. काल खुर्चीशेजारी उभा राहिलो तेव्हा जरासं कळलं. घड्याळ लावून मी आतल्या खोलीत निघून जात होतो. माळ देऊन तुम्ही कधी गेला नाहीत. समोरच उभ्या राहायच्यात, माणसाची माळ संपेपर्यंत, डोक्यावर शंभराची रांग असताना. कागदावर 'पाच मिनिटं बसवणे' असं लिहिलेलं असतं. बसवणाऱ्याने काय करायचं ते लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला माहीत होतं. पुढच्या बैठकीत मी माळेसकट फोटो दाखवणार आहे, नावासकट. तुमच्या कानावर जाणार नाही, एवढंच.

बीपीचं जुनं रजिस्टर आज संपलं. नवीन सिस्टर नवं घेऊन आल्या, म्हणाल्या, सर, जाड आहे, बरेच दिवस पुरेल. मी ते माझ्याकडे मागून घेतलं, लाल पेन शोधलं. तुमच्या पद्धतीप्रमाणे राहिलेली नावं आधी उतरवली. पाच होती. चार जणांना निरोप पाठवले आहेत. पाचव्या ओळीत तुमचं नाव लिहिलं, तो आकडा लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात तेच, जे तेव्हा लिहिलं होतं : बसवून पुन्हा घेणे.